टोचलेला डबा आणि ताईंची गाडी

सौ. हेमलताताई बाविस्करांची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती, आणि ते भांडण मी हरलो. ताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथात त्यांच्याविषयी आदरानं लिहिणारे पुष्कळ आहेत. शेजारी आहेत, आपल्या सिल्वासातल्या मराठी मंडळातले सहकारी आहेत, त्यांच्या हाताखाली शिकून मोठे झालेले केमिस्ट आहेत. परंतु ताईंशी भांडण्यासाठी दरमहा पगार घेणारा मी एकटाच आहे. तेव्हा चार शब्द लिहिण्याचा माझाही थोडा अधिकार पोचतो, असं मला वाटतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिल्वासाजवळ गलोंड्याला आमचा इंजिन ऑइलचा कारखाना आहे. ताई तिथल्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख, आणि मी डिस्पॅच सांभाळतो. तयार तेल डब्यांत भरून लवकरात लवकर ट्रकमध्ये चढवणं हे माझं काम. पुरती खात्री होईपर्यंत ते अडवून धरणं हे ताईंचं. अशा दोन माणसांत प्रेमानं बोलणं होईल अशी अपेक्षा कोणी करू नये.

डहाणूहून मी ह्या नोकरीवर नवाच आलो होतो. फाटकाशी ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून माझा उद्धार करताहेत, आणि माल काही हलत नाही. चौकशी केली तर कळलं की लॅबमधल्या मॅडमची सही व्हायची आहे. मी तावातावानं लॅबमध्ये गेलो. काचेच्या एका नळीसमोर एक बाई शांतपणे बसल्या होत्या.

"बसा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चहा येतोय."

"चहाचं राहू द्या मॅडम. गाड्या खोळंबल्यात. तेल पास झालं का?"

"उतरतंय."

"म्हणजे?"

त्यांनी समोरच्या नळीकडे बोट दाखवलं. गरम पाण्यात बुडवलेल्या त्या बारीक नळीतून तेल आपल्या चालीनं खाली येत होतं. "ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो, त्यावरून त्याचा दाटपणा कळतो. तुम्ही ओरडलात म्हणून ते पळत येणार नाही, भाऊ."

मी चहा प्यायलो. ती बॅच त्या दिवशी गेलीच नाही. ती पुन्हा ढवळायला पाठवून ताई निवांतपणे घरी गेल्या आणि ड्रायव्हरांच्या शिव्या माझ्या वाट्याला आल्या. त्यानंतरही आमची भांडणं नियमानं होत राहिली आणि निकाल कधी बदलला नाही.

ताई मूळच्या अमळनेरकडच्या. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाल्यावर लग्न होऊन त्या सिल्वासाला आल्या. त्यांचे यजमान सुरेशराव इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवीत. एरवी ताईंचं बोलणं स्वच्छ, पुस्तकी म्हणावं असं. पण राग आला किंवा गहिवरून आलं की त्या एकदम खान्देशीवर येतात. "काय करी राहिले भाऊ तुम्ही?" असं कानावर पडलं की लॅबमधली पोरं काचेची भांडी आवरायला लागतात. तेवढ्या एका खुणेवर आमच्या सगळ्या कारखान्याचं हवामान ओळखता येतं.

तेलाविषयी त्यांनी आम्हांला जे शिकवलं ते सगळं लिहायचं तर वेगळा ग्रंथ लागेल. एकच सांगतो. आपल्यासारख्यांची समजूत असते की इंजिनातून काढलेली तेल मोजायची पट्टी काळी दिसली की तेल खराब, आणि सोनेरी दिसली की उत्तम. ताई म्हणतात, उलट आहे. चांगलं तेल काळं होतं, कारण इंजिनातली काजळी ते स्वतःच्या अंगावर घेतं, तिला कुठं बसू देत नाही, आणि बदलताना सोबत घेऊन बाहेर पडतं. जे तेल दिवसेंदिवस सोनेरी राहतं त्यानं घाण आतच सोडलेली असते. लोखंड लोखंडावर घासू न देणं, आतली उष्णता वाहून नेणं, आम्लानं पत्रा खाल्ला जाऊ न देणं, ही कामं वेगळीच. "आणि हे सगळं करताना त्याचा आवाज कधी ऐकलात का?" असं विचारून त्या आमच्याकडे बघतात. हे त्यांनी एकदा सुरेशरावांसमोर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर मी घरातलं सगळं अंगावर घेतो आणि गप्प असतो." ताई हसल्या, पण मुद्दा सोडला नाही.

आता त्यांच्या गाडीविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ताई आणि सुरेशरावांनी लग्नानंतर काही वर्षांनी एक लहानशी पांढरी मोटार घेतली. दोन्ही मुलं तिच्यातून इस्पितळातून घरी आली आणि तिच्यातूनच कॉलेजला गेली. किलोमीटर दाखवणारे आकडे पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर येऊन पुढे गेले होते. ह्या सगळ्या काळात त्या गाडीचं इंजिन एकदाही खोललेलं नव्हतं. आमच्याकडे तेलाचा नवा प्रकार तयार झाला की बाजारात जाण्याआधी तो ताईंच्या गाडीत पडायचा. "लोकांच्या गाडीत घालणार ते आधी माझ्या गाडीत," हा त्यांचा नियम होता. कंपनीनं तो सांगितलेला नव्हता आणि कंपनीला तो मोडताही आला नसता. सुरेशराव म्हणत, "घरात पहिला नंबर गाडीचा, दुसरा मुलांचा, मग जागा उरली तर माझा." सकाळी गाडी सुरू झाली की शेजारच्या माणसाला कळत नसे, इतका तिचा आवाज मऊ होता.

आणि ती गाडी एकट्या ताईंची कधी नव्हतीच. आमच्या पॅकिंग विभागात धुळे-नंदुरबारकडच्या बऱ्याच बायका काम करतात. रविवारी सकाळी कारखान्याच्या मागच्या आवारात ताई त्यांना गाडी चालवायला शिकवीत. क्लच कसा सोडायचा हे ज्यांना माहीत आहे त्यांना कल्पना येईल की शिकणाऱ्याच्या पायाखाली गाडीचे काय हाल होतात. ती बिचारी गचके खाई, बंद पडे, पुन्हा सुरू होई. मंगलाबाई पाटील तर पहिल्याच दिवशी ती कुंपणावर घालून रडत बसल्या होत्या. ताई म्हणाल्या, "रडू नका, रिव्हर्स शिका. आता त्याचीच वेळ आलीये." आज मंगलाबाई शाळेची व्हॅन चालवतात. सिल्वासात कोणत्याही चौकात एखादी बाई झोकात वळण घेताना दिसली की मी ओळखतो, ही ताईंच्या गाडीवर शिकलेली.

अशात एक दिवस दुपारी फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. सुरंगीचे रमणभाई आपली जीप घेऊन आले होते. सुरंगी इथून आतल्या बाजूला, जंगलाकडे. तिकडच्या लोकांना दवाखान्यात, बाजारात, कारखान्यांत पाळीवर आणण्या-नेण्याचं काम रमणभाईंची जीप करते. जीप धुराचे लोट सोडत उभी होती आणि आतून ठकठक आवाज येत होता. रमणभाईंच्या हातात आमच्या कंपनीचा तेलाचा रिकामा डबा होता.

"डबा तुमचा, शिक्का तुमचा," ते म्हणाले. "दर वेळी तुमचंच तेल घालतो. ने जुओ, काय हालत करून टाकली! आ गाडी बेसी जाय तो मारुं घर बेसी जाय, साहेब. गाडी बसली की घर बसलं."

मी डबा हातात घेऊन पाहिला. डबा आमचाच होता, त्यात शंका नव्हती. तेवढ्यात ताई बाहेर आल्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. जीपची पट्टी बाहेर ओढली, तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदासारख्या गाळणकागदावर सोडला आणि तो कागद दोन डब्यांच्या मध्ये आडवा ठेवून त्या वाट बघत उभ्या राहिल्या. आम्ही सगळे तो थेंब पसरताना बघत होतो. मध्ये डांबरासारखा काळा गोळा तसाच बसून राहिला आणि त्याच्या कडेनं फिकट तेलकट कडं उमटलं. आमचं तेल असतं तर काजळी सोबत घेऊन थेंब सारखा पसरला असता, एकरंगी करडा.

"ह्या तेलात घाण धरून ठेवायची ताकदच नाही," ताई म्हणाल्या. "जुनं जळकं तेल गाळून भरलंय कोणीतरी. हे आपलं नाही."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. रमणभाईंनी मात्र ताईंकडे बघून हळूच विचारलं, "पण बेन, डबो तो तमारो छे ने?"

ताईंनी माझ्या हातातून तो डबा घेतला. मग म्हणाल्या, "हो भाऊ. डबा आमचाच आहे."

भानगड काय होती ते सांगतो. गॅरेजमध्ये तेल ओतून झालं की रिकामा डबा भंगारात जातो. आमच्या कारखान्यातले छपाई बिघडलेले डबेही तसेच धडधाकट भंगारात जात. कोणीतरी ते गोळा करून त्यांत टाकाऊ तेल भरत होतं, नवं बूच बसवत होतं, आणि नाक्यावरचा दुकानदार ते खरं समजून विकत होता. फसवणूक करणारा कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तरी उद्या दुसरा उभा राहिला असता, कारण डबे मिळतच होते.

त्या दुपारपासून रमणभाईंची जीप हे ताईंचं काम झालं. आमच्या गाड्यांची देखभाल करणारे सलीमभाई म्हणाले, "मॅडम, एक बार में धो डालते हैं." ताईंनी त्यांना थांबवलं. एकदम धुवायला गेलो तर गाळाचे तुकडे सुटतील आणि तेल वर ओढून घ्यायची जाळीच बुजेल, मग इंजिन जागच्या जागी जाम होईल, असं त्यांनी समजावलं. थोडं तेल काढायचं, चांगलं घालायचं, जीप हळू चालवायची, फिल्टर बदलायचा, पुन्हा काढायचं. रमणभाई सुरंगीहून यायचे, थेंब कागदावर पडायचा, आणि सगळे मधला काळा गोळा किती आकसला ते बघायचे. माझे हमाल माल चढवायचं सोडून तो थेंब बघायला जमत. मी ओरडायचो आणि मग मीही जाऊन बघायचो. एके दिवशी थेंब काठापर्यंत एकसारखा पसरला. रमणभाईंनी जीप सुरू केली, ठकठक थांबलेली होती. त्यांनी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला.

कोणीही इथं थांबलं असतं. रमणभाईंचं इंजिन वाचलं होतं, दोष आमचा नव्हता. ताई मात्र तो डबा घेऊन शेठकडे गेल्या. कारखान्याच्या प्रमुखांना आम्ही सगळे शेठच म्हणतो. ताईंनी मागणी केली की आपल्या कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक टाकाऊ डबा टोचून, निकामी करूनच गेला पाहिजे. आणि गॅरेजवाल्यांनाही आपण सांगितलं पाहिजे की तेल ओतलं की गिऱ्हाइकासमोर डबा टोचा.

शेठ वाईट माणूस नव्हेत, हे इथं आवर्जून लिहितो. पण ते व्यापारी आहेत. ते म्हणाले, "बेन, नकली माल बनाता है कोई और. आपण आपल्या माथ्यावर कशाला घ्यायचं? आपण डबे टोचायला सांगितलं की बाजारात बोंब होणार, ह्यांचं तेल नकली येतंय म्हणून. आणि शेवटी तेल म्हणजे तेल. उन्नीस-बीसचा फरक. गाड्या चालतातच ने?"

"नाही चालत. हे बघा रिपोर्ट."

"तमारे आकडे मला नका दाखवू," शेठ हसून म्हणाले. "मला गाडी दाखवा."

ताई उठल्या. "दाखवते," म्हणाल्या.

मी तिथंच बसलो होतो, पण त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळला तो काही दिवसांनी, जेव्हा ताई नाक्यावरच्या दुकानातून आमच्याच नावाचे डबे विकत घेऊन आल्या. त्यांनी ते लॅबमध्ये तपासले, नकली असल्याची खात्री केली, आणि सलीमभाईंना म्हणाल्या, "माझ्या गाडीतलं तेल काढा. हे घाला."

सलीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. मी धावत गेलो. कंपनीची एखादी जुनी गाडी घ्या, माझी गाडी घ्या, अगदी कोणाचीही घ्या, असं मी काकुळतीला येऊन सांगू लागलो.

ताईंनी ऐकून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या, "कंपनीची जुनी गाडी बिघडली तर शेठ म्हणतील जुनीच होती. तुमची बिघडली तर म्हणतील ह्यांनी रगडली असेल. माझ्या गाडीबद्दल असं कोणी म्हणेल का?"

खरंच नसतं म्हटलं. सगळ्या गलोंड्यात ती एकच गाडी अशी होती की तिच्या इंजिनाकडे कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. इतकी वर्षं जिवापाड जपल्यामुळेच तिची साक्ष कोणाला खोडता येणार नव्हती. आणि ती साक्ष द्यायची तर तिला मरावं लागणार होतं. हा हिशेब ताईंनी शेठच्या खोलीत त्या एका क्षणात केला होता. मला तो समजायला इतके दिवस लागले आणि समजला तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो.

मंगलाबाईंना बातमी लागली तशा त्या धावत आल्या. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, तिले नका करू आसं. तिनं माले पोट दिधं."

ताई एकदम खान्देशीवर आल्या. "मंगल, रमणभाऊनं बी त्याच्या जीपवरच पोट शे. आशा किती जीपा आसतीन, आपले काय माहीत?" एवढं बोलून त्यांनी स्वतः तेल ओतलं.

पुढचे महिने आम्ही सगळे त्या गाडीकडे कान लावून होतो. ताईंनी काही लबाडी केली नाही. गाडी नेहमीसारखीच चालवली, सिल्वासा ते गलोंडा आणि परत, तेल बदलायच्या वेळी बदललं, फक्त त्याच नकली तेलानं बदललं. सुरुवातीला शेठ चेष्टा करायचे, "शुं बेन, चालते ने गाडी?" ताई म्हणायच्या, "चालतेय." पावसाळा संपला तसा सकाळचा तो मऊ आवाज खरखरीत झाला. मग वरून टकटक येऊ लागली. मग चढावर तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला. सुरेशराव गाडीत पुढे बसत आणि दिवा लागला की खिडकीबाहेर बघत. मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्ही तरी समजवा." ते म्हणाले, "तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आणि खरं सांगू का, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तिचं गणित बरोबर आहे."

उन्हाळा लागता लागता एका सकाळी गाडी फाटकातून आत आली, माझ्या डिस्पॅचच्या दारासमोर घरघरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली नाही. ताई खाली उतरल्या, दार हळू लावलं आणि मला म्हणाल्या, "शेठना बोलवा."

सलीमभाईंनी सगळ्यांसमोर इंजिनाचं वरचं झाकण काढलं. ज्या इंजिनाला कधी कोणाचा हात लागला नव्हता, ते पहिल्यांदा उघडत होतं. आत धातू कुठं दिसेचना. सगळीकडे काळा, चिकट थर, थंड झालेल्या गुळाच्या पाकासारखा. सलीमभाईंनी खालचं तेलाचं चेंबर उतरवलं तर तेल वाहून आलंच नाही, गोळे पडले. बेअरिंगचे झिजलेले, ओरखडलेले तुकडे त्यांनी फडक्यावर मांडून ठेवले. पॅकिंगच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

शेठ पुढे झाले. त्यांनी त्या थरात बोट घातलं. ताईंची गाडी त्यांनीही वर्षानुवर्षं रोज पाहिलेली होती. ते म्हणाले, "बेन, आटलुं बधुं? इतकं कशाला केलं? मला सांगायचं होतं ने."

"सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "तुम्ही गाडी दाखवा म्हणालात."

शेठनी त्याच दिवशी भंगार विभागात डबे टोचायचं यंत्र बसवायला सांगितलं. नवी मोटार देऊ केली, ती मात्र ताईंनी घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी टोचे मागितले, लाकडी मुठीचे साधे लोखंडी टोचे, आणि ते घेऊन त्या स्वतः सिल्वासातल्या आणि आसपासच्या गॅरेजांत हिंडल्या. आता आपल्याकडे रीतच पडली आहे. तेल ओतून झालं की मेकॅनिक डबा आडवा धरतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर खच्चकन टोचा मारतो आणि मग टाकतो. तो विसरला तर गिऱ्हाईकच विचारतं, "डबा टोचला का?" मध्यंतरी एका लग्नात मी पाहिलं, आचाऱ्यानं खाण्याच्या तेलाचा रिकामा डबाही सवयीनं टोचून टाकला. बाजारात बोंब झाली नाही. उलट लोक सांगू लागले, ह्या कंपनीचंच घ्या, ही माणसं आपला डबासुद्धा जपून मारतात.

ताईंची गाडी त्यांच्याच सांगण्यावरून कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ठेवली. नव्या केमिस्टना त्या तिथं नेऊन उघडं इंजिन दाखवायच्या. स्वतः मात्र मंगलाबाईंच्या व्हॅनमधून नाहीतर कंपनीच्या बसमधून येऊ लागल्या. कधी तक्रार नाही, कधी उल्लेख नाही. एकदाच मी त्यांना शेडमध्ये एकट्या उभ्या असलेलं पाहिलं. काचेवरची धूळ त्या पदरानं पुसत होत्या. मी आल्या पावली परत फिरलो. ज्या माणसाशी इतकी वर्षं भांडलो ते माणूस किती मोठं आहे, हे मला त्या दिवशी शब्दांशिवाय कळलं.

आता एक गुपित. हा लेख मी छापखान्यात सगळ्यांत शेवटी दिला आहे, आणि ह्याचं मुद्रित ताईंना दाखवू नये अशी संपादकांना गळ घातली आहे. ताईंना प्रत्येक गोष्ट तपासायची सवय असल्यामुळे हे काम सोपं नव्हतं.

गेले काही महिने ताई नव्या केमिस्टना शेडमध्ये घेऊन निघाल्या की मी काहीतरी भांडण उकरून काढून त्यांना लॅबमध्ये अडकवत होतो. कारण शेडमध्ये गाडी नव्हती. ती सलीमभाईंच्या गॅरेजात होती. त्यांनी इंजिनाचा कण न् कण सुटा केला. रविवारी सकाळी, ज्या वेळी पूर्वी क्लच शिकवणी चालायची त्याच वेळी, मंगलाबाई आणि पॅकिंगच्या बायका तिथं बसून एकेक भाग घासून स्वच्छ करीत होत्या. जे भाग वाचणार नव्हते ते शेठनी कुठून कुठून शोधून मागवले. सुरेशरावांनी घरातली जुनी किल्ली आणून दिली. गाडी कारखान्याबाहेर काढायच्या कागदावर सही माझी आहे. इतक्या वर्षांत ताईंच्या मंजुरीशिवाय मी बाहेर काढलेला हा पहिलाच माल.

सत्काराच्या दिवशी हा ग्रंथ ताईंच्या हाती पडेल तेव्हा ती गाडी सभागृहाच्या दाराशी उभी असेल. रमणभाईंनी तिला आपल्या जीपला दोर बांधून गॅरेजपासून ओढत आणायचं ठरवलं आहे. "बेनची गाडी बीजुं कोण लावशे? मीच आणणार," असं त्यांनी बजावून सांगितलं. ओढत आणायचं कारण एवढंच की गाडी अजून सुरू केलेली नाही. इंजिन पुरं जोडून झालं आहे, पण कोरडं आहे. सलीमभाईंनी बूच उघडून तेल ओतायला घेतलं होतं, तेव्हा मंगलाबाईंनी त्यांचा हात धरला. ते काम आपलं नाही, म्हणाल्या.

ताई, तुम्ही साठ वर्षांच्या झालात. तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही ह्या मंडळातल्या प्रत्येकाची मनापासूनची प्रार्थना आहे. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी तुम्ही टाळत आहात, हे सुरेशरावांनी मला सांगितलं आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांचं तेल एक दिवस लांबलं तरी खान्देशीत उतरणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. तेव्हा उद्या सकाळी त्याच गाडीतून दवाखान्यात जायचं, हा आमचा सगळ्यांचा हुकूम आहे, आणि एवढं एक भांडण तरी मला जिंकू द्या.

आता हे पुस्तक मिटा आणि दाराशी या. डबा तिथं ठेवला आहे, शेजारी टोचाही आहे. तेल तुमच्याच सहीनं पास झालेलं आहे. आम्ही सगळे गाडीभोवती उभे आहोत आणि आज कोणालाही घाई नाही. तुम्ही ओता, ते सावकाश खाली उतरू द्या, आणि मग किल्ली फिरवा.